ओ न देणारं बटण

आमच्या कंपनीत एका बटणाच्या रंगावर तीन आठवडे बैठका झाल्या होत्या. हिरवा की जरा कमी हिरवा. त्यामुळे बटणांतलं सगळं मला कळतं, असा माझा समज होता. मी मूळचा परभणीचा, हिंजवडीत नोकरीला, भूगावात भाड्याच्या खोलीत राहणारा. खाली घरमालकीण मावशी डबे करायच्या आणि पिरंगुटच्या कारखान्यांत पाठवायच्या. सकाळभर फोन घेऊन त्यांचा कान दुखायचा, म्हणून एका रविवारी मी त्यांना ॲप करून दिलं. त्यात एकच बटण: ‘डबा पाठवा’.

माझ्या खोलीतल्या वायफायवर ते झकास चाललं. पिरंगुटात पत्र्याच्या शेडमध्ये रेंज म्हणजे देवाची कृपा. तिथल्या एका फिटरने बटण दाबलं. स्क्रीनवर काही हललं नाही. त्याने पुन्हा दाबलं. असं अकरा वेळा. रेंज आली तशा अकराही ऑर्डरी एकदम पोचल्या. एकदा दाबल्यावर बटण बंद करायचं असतं, हे मी कोडमध्ये लिहिलंच नव्हतं.

मावशी त्या दिवशी लग्नाला पौडला गेलेल्या. स्वयंपाकघर त्यांच्या जाऊबाईंच्या हाती, आणि जाऊबाई यादीबाहेर न जाणाऱ्या. एका नावावर अकरा डबे दिसले, त्यांनी अकरा भरले. फिटरने आधी हात वर केले, मग आख्ख्या शिफ्टला जेवू घातलं. संध्याकाळपर्यंत तो कारखान्यात पुढारी झाला होता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी मला खाली बोलावलं. मी नेटवर्क, सर्व्हर वगैरे सांगू लागलो. भाकरी थापता थापता त्यांनी ते ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "तुझ्या बटनाला हाक मारली तर ते ओ देत न्हाई. मग मानूस परत हाक मारनार न्हाई व्हय?"

आमच्या बैठकांत हे कुणी बोललं नव्हतं. मला हसू आलं, लाजही वाटली.

तिथेच पायरीवर लॅपटॉप उघडून बसलो. एकदा दाबलं की बटण करडं पडेल आणि दुसऱ्यांदा दाबताच येणार नाही, असं केलं. ऑर्डर पोचल्यावर त्यावर काय लिहू, असं मावशींना विचारलं. मी ‘धन्यवाद’ सुचवलं. मावशींनी नाक मुरडलं आणि स्वतःच मजकूर सांगितला: ‘कळलं. आता गप बसा.’

तेच लिहिलं. एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही. उलट तिघंचौघं म्हणाले, घरच्यासारखं वाटतं.