कॉर्नाझची ओदील, बेलफोंची रोझलीन

आमच्या ज्यू नावाच्या खोऱ्यात नव्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. तुम्ही कुणाचे, आणि कुठल्या काठावर कामाला? खोऱ्यातल्या सरोवराच्या पश्चिमेला कॉर्नाझ, पूर्वेला बेलफों. दोन्ही घड्याळांची नावाजलेली घराणी, आणि दोघांचं आपसात विळ्याभोपळ्याचं सख्य. ओदील मेलां कॉर्नाझची होती. तिची धाकटी बहीण रोझलीन लग्न होऊन पलीकडे गेली, तिथल्या कारखान्यात कामाला लागली आणि बेलफोंची झाली.

घड्याळाच्या पोटात चाकांना जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. त्यांना आमच्याकडे पूल म्हणतात. या पुलांच्या कडा हाताने तासून उतरत्या करायच्या आणि आरशासारख्या चमकवायच्या, हे ओदीलचं काम. शेवटचा हात जेन्शियन नावाच्या डोंगरी झुडपाच्या वाळलेल्या देठाने फिरवायचा. आतल्या बाजूला वळणारा कोपरा यंत्राला साधत नाही, तो हातानेच काढावा लागतो. एका कोपऱ्यात अख्खी सकाळ जायची. आणि इतकं करून तो पूल जायचा घड्याळाच्या पाठीला, मनगटाला टेकणाऱ्या बाजूला. कुणी म्हणालं, की दिसत नाही तर करता कशाला, की ओदील म्हणायची, ज्याला दिसतं त्याच्यासाठी करत नाही, ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी करते.

स्वभावाने बाई संशयी. दुकानातून वाशरँ चीजचा डबा आणला तर तिथेच झाकण उघडून बोटाने दाबून बघायची. पोस्टमन हसला तर आज हा का हसला, याचा दिवसभर विचार करायची. नवरा झ्युरिकला निघून गेला, हे त्याने सांगायच्या आधीच तिला कळलं होतं, असं ती स्वतःच सांगायची. धंदाही तसाच. भिंगाखाली प्रत्येक कड खरी ठरेपर्यंत खोटीच मानायची. पण जन्मात एका गोष्टीवर तिने कधी संशय घेतला नाही, ती म्हणजे कॉर्नाझ.

दर रविवारी रोझलीन जेवायला यायची. हिवाळ्यात सरोवर गोठलं की बर्फावरून चालतच यायची, काखेत सॉसेज गुंडाळून. उकडलेले बटाटे, वितळलेलं चीज आणि वाद. कुणाचं घराणं वरचढ, हा वाद दोघी बहिणी आजार-बाळंतपणं सोडली तर कधी चुकवत नसत.

ओदीलचं म्हणणं, कॉर्नाझचं घड्याळ मागितलं म्हणून मिळत नाही, वाट बघावी लागते. पणजोबाचं घड्याळ पणतू घेऊन आला तरी कॉर्नाझ ते दुरुस्त करून देतं. भाव कधी उतरत नाही, जाहिरातीत नट्या नाचत नाहीत. रोझलीन म्हणायची, बेलफोंचं नाव शिडाच्या होड्यांवर आहे, समुद्राच्या तळाशी गेलेल्या पाणबुड्यांच्या हातावर आहे, हाँगकाँगचा टॅक्सीवालाही ते लांबून ओळखतो.

"लोकांनी ओळखलं नाही तर एवढं महाग घड्याळ घालायचं कशाला?" ती म्हणायची. "तुमचं घड्याळ ओळखायला तुमच्याच कारखान्यातला माणूस बरोबर न्यावा लागतो."

"आणि तुमचं ओळखायला विमानतळावरचा फलक लागतो," ओदील म्हणायची.

एका बाबतीत मात्र दोघींचा दावा एकच असायचा. आमच्या घड्याळातला खिळान्‌खिळा आमच्याच छपराखाली बनतो. दोन्ही कारखान्यांच्या दारावर तसं कोरलंच होतं.

त्या वर्षी जानेवारीत जिनेव्हाला प्रदर्शन भरलं. कॉर्नाझने मोठा गाजावाजा न करता एक नवं घड्याळ काचेत मांडलं. त्याच्या पाठीला बसवलेल्या काचेतून दिसणारा पूल बगळ्याने पंख पसरावा तसा होता. ओदीलने वर्षभर त्याच्या कडा काढल्या होत्या, कुणाजवळ अवाक्षर न काढता. आणि समोरच्याच दालनात बेलफोंच्या नव्या घड्याळाच्या पाठीत तोच बगळा पंख पसरून बसला होता. दोन भोकांचा काय तो फरक. संध्याकाळपर्यंत सगळ्या प्रदर्शनात कुजबुज झाली, की यांच्यातला चोर कोण?

कॉर्नाझचे संचालक मेस्यू नीकोल परतले ते तोंड काळवंडूनच. कारखान्यात जाहीर झालं, की आतली गोष्ट बाहेर गेली आहे. मग एकेकाला वर बोलावणं सुरू झालं. ज्यांचं कुणी नातलग पलीकडच्या काठावर, त्यांचा नंबर आधी.

ओदीलला त्यांनी कॉफी दिली. आवाज चढवला नाही. घरी कामाचं बोलणं होतं का, बहीण काही विचारते का, एवढंच विचारलं. ओदील म्हणाली, माझ्या तोंडून काही गेलेलं नाही. मग म्हणाली, की नोव्हेंबरात एका रविवारी बहीण आली होती खरी, आणि माझा अंगठा सुजला होता, तर तो कशाने सुजला असं तिने विचारलं होतं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"आतले कोपरे फार आहेत, एवढंच."

मेस्यू नीकोल यांनी मान हलवली आणि आभार मानले. दुसऱ्या दिवसापासून ओदीलच्या मेजावर पुलांऐवजी स्क्रू आले. स्क्रूंची डोकी चमकवायची, जे काम नवशिक्यांना देतात. शेजारच्या मेजावरची युगेत, जिच्याबरोबर तिने वर्षानुवर्षं कॉफी घेतली होती, आता चहाच्या खोलीत तिला पाहून खिडकीकडे वळायची. कुणी काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

ओदीलच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. आपण निर्दोष आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग उरलं कोण? सुजलेल्या अंगठ्यावर रोझलीनने हात का ठेवला होता? आपण स्वयंपाकघरात गेलो तेव्हा ती खिडकीपाशी एकटीच काय करत होती? आतले कोपरे फार, एवढ्या तीन शब्दांवरून बेलफोंच्या माणसांना पूल काढता आला असेल का? येणार नाही, हे कळत होतं. पण संशयाला कळण्याशी देणंघेणं नसतं. लहानपणी रोझलीनने तिची निळी फीत घेऊन नाही म्हणून सांगितलं होतं, तेही तिला आता आठवू लागलं.

पुढच्या रविवारी तिने सर्दी झाल्याचं कळवलं. त्याच्या पुढच्या रविवारी दार आतून बंद ठेवलं. सरोवर टणक गोठलेलं होतं, पोरं त्यावर घसरत होती, पण पलीकडून कुणी आलं नाही. हेही तिच्या ध्यानात आलं. दार बंद आहे हे कळायला आधी यावं तरी लागतं ना? न येण्याचं कारण काय? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बर्फ वितळायला लागलं आणि बर्फावरून चालायची वाट बंद झाली, तेव्हा एका दुपारी रोझलीन सरोवराला वळसा घालून गाडीने आली. कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली.

"लिहून दे म्हणत नाही," ती म्हणाली, "पण तोंडाने तरी सांग. तू त्यांना काय सांगितलंस?"

"कुणाला?"

"तुझ्या कॉर्नाझवाल्यांना. माझा पूल तुझ्या घड्याळात कसा गेला? तिकडे मला चाव्या जमा करायला लावल्यात, ओदील. मला गोदामात बसवलंय. सगळे म्हणतात, हिची बहीण पलीकडे आहे."

ओदील तिच्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, हे नाटक आहे. मग वाटलं, रोझलीनला नाटक कधीच जमलं नाही, फीत घेतली तेव्हासुद्धा कान लाल झाले होते. आत्ता कान लाल नव्हते. डोळे होते.

"तुझा पूल म्हणजे?" तिने विचारलं. "तू त्याला हात लावलास?"

"दोन वर्षं लावतेय. त्याच्या डाव्या पायाशी यंत्राच्या पकडीचा दाब उमटलेला असतो. तो घासून काढता काढता जीव जातो."

ओदीलने हातातलं फडकं खाली ठेवलं. डाव्या पायाशी दाब. अर्धचंद्रासारखा, नखाएवढाही नाही. तिनेही वर्षभर तोच घासून काढला होता, तळमजल्यावरच्या यंत्रशाळेतल्या पोरांना शिव्या घालत. आणि तो दाब दोघींनी त्याच्याही कितीतरी आधी पाहिला होता. त्यांचे वडील ज्या शेडमध्ये कामाला होते, तिथल्या जुन्या पकडीचा एक दात वाकलेला होता. मालक फिर्मिन ओबेर ती पकड काही केल्या बदलायचा नाही.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ओदीलने कोट अंगावर चढवला.

फिर्मिनची शेड गावाबाहेर, जुन्या गोठ्याला लागून. म्हातारा आता ऐंशीच्या घरात, पण यंत्रं चालूच होती. मेलांच्या दोन्ही पोरी एकत्र दारात उभ्या बघून त्याला काय ते कळलं असावं. त्याने जेन्शियनची दारू काढली. दोघींनी घेतली नाही, त्याने एकट्याने घेतली. लपवाछपवी त्याने केली नाही. पूल त्यानेच काढला होता. आधी कॉर्नाझला दाखवला, त्यांनी महाग पडतो म्हणून परत केला. मग बेलफोंला विकला. बेलफोंने घेतला हे कानावर गेल्यावर कॉर्नाझला तो हवासा झाला, तेव्हा दोन भोकं इकडची तिकडे करून त्यांनाही दिला.

"नीकोलला हे माहीत आहे?" ओदीलने विचारलं.

"तो स्वतः इथे आला होता. तुझ्या बापाच्या स्टुलावर बसून बोलणी केली त्याने."

"आणि बेलफोंवाले?"

"तेही." म्हाताऱ्याने पेला पुसला. "पोरींनो, कुणाच्या तरी घरातून चोरी झाली म्हटलं, की त्या घरात काहीतरी होतं असं लोकांना वाटतं. एका शेडमधून दोघांनी विकत घेतलं म्हटलं, तर दारावरची अक्षरं खरवडावी लागतील."

गाडीत बसल्यावर रोझलीन रडली. ओदील रडली नाही. कुठल्या कुठल्या वस्तू ट्रेमध्ये घालून आपल्या मेजावर आल्या आणि त्या कुठून आल्या हे आपण कधीच विचारलं नाही, याचा ती मनाशी हिशेब लावत होती. चीजचा डबा दाबून बघणारी बाई, आणि हे एवढं न बघता घेतलं.

सोमवारी ती मेस्यू नीकोल यांच्याकडे गेली. तिने फिर्मिनचं नाव घेतल्यावर त्यांनी उठून दार लावून घेतलं. तिला तिचं मेज परत मिळेल, म्हणाले. पूलही मिळतील. तिच्या सेवेबद्दल घराण्यातर्फे एक घड्याळही द्यायचा विचार आहे.

"मला घड्याळ नको," ओदील म्हणाली. "खाली येऊन सगळ्यांसमोर सांगा, की मी चोर नाही."

"मादाम मेलां, चोर असं तुम्हाला कुणी म्हणालंय का?"

खरंच कुणी म्हणालं नव्हतं. तीच तर खुबी होती. आपोआप विसरतील लोक, ते म्हणाले, अशा गोष्टी उकरू नयेत.

नऊच्या सुट्टीत चहाच्या खोलीत सगळे जमले, तेव्हा ओदील उभी राहिली. तिला भाषणाची सवय नव्हती. तिने सांगितलं, की बगळ्याचा पूल फिर्मिन ओबेरच्या शेडमधून येतो, इकडेही आणि तिकडेही. माझ्या बहिणीने काही चोरलं नाही, मीही काही विकलं नाही. एवढं बोलून ती खाली बसली.

कुणी दचकलं नाही, याचंच तिला नवल वाटलं. यंत्रशाळेचे दोघे कपात बघत राहिले. युगेत तिच्या शेजारी येऊन बसली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, आणि हळूच म्हणाली, "आम्हाला थोडंफार माहीत होतं गं. खाली ती यंत्रंच नाहीत ना तसला पूल कापायची."

"मग बोलली का नाहीस?"

"माझा भाऊही पलीकडे आहे," युगेत म्हणाली.

ओदीलला कामावरून काढलं नाही. काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. उन्हाळ्यापर्यंत ती राहिली आणि मग स्वतःच सोडून आली. आता ती घरीच खिडकीपाशी मेज टाकून कडा काढते. काम फिर्मिनच्या शेडमधून येतं. कुठला ट्रे कुणाचा हे तो आपणहून सांगत नाही, आणि ती आता ते विचारल्याशिवाय हात लावत नाही. सांगितलेलं खरं असेलच असंही धरत नाही. जिनेव्हाचा एक खरेदीदार मध्ये घरी आला होता. दोघांपैकी कुणाचं घेऊ, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, "जो तुम्हाला त्याची शेड दाखवेल त्याचं घ्या." अजून तरी त्याने काही घेतल्याचं ऐकिवात नाही.

रोझलीन परत रविवारी येते. बेलफोंने तिला गोदामातून वर घेतलं आहे. जेवताना दोघी मुलांबद्दल बोलतात, गुडघ्यांबद्दल बोलतात, कुणाचं घराणं वरचढ यावर बोलत नाहीत. त्या जानेवारीत कॉफी पिता पिता आपण बहिणीचं नाव घेतलं होतं, हे ओदीलने तिला सांगितलेलं नाही. रोझलीनलाही पलीकडे कुणीतरी कॉफी दिलीच असणार. तिने तेव्हा काय सांगितलं, हे ओदीलने विचारलेलं नाही. बटाटे सोलताना कधी कधी ती रोझलीनच्या कानांकडे बघते.