चोऱ्यांच्या नकाशावरचं पिवळं बोट

आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी मंडळी जाणती आहेत. मला साधं पत्र लिहितानाही दोनदा खोडावं लागतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे आपलं लिहिलेलं कोणी वाचावं असं म्हणायचा हक्क मला आहे का, हेही ठाऊक नाही. पण एवढं सांगतो की मी असल्या गोष्टी मानणारा नव्हतो. घरी रोज शिवपूजा होते, माझ्या गळ्यात लिंग आहे. तरी भूत, चकवा, भानामती म्हटलं की मला हसू यायचं.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. गावोगाव एसटीडीचे बूथ उघडत होते, आमच्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा नव्याने लटकायला लागल्या होत्या. मी बीडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय भूगोल. सरांनी प्रकल्प दिला — आपल्या भागातल्या चोऱ्या नकाशावर मांडा, म्हणजे राखण कुठे ठेवायची ते गावाला कळेल. मला तो फार आवडला. आपलं शिक्षण गावाच्या उपयोगी पडतंय असं वाटलं.

मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना आमचं गाव लागतं. रस्त्यालाच अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, किराणा दुकान. मी मोठ्या कागदावर आसपासच्या गावांचा नकाशा काढला. ओळखीच्या एका हवालदारांना कुठे कुठे चोरीची फिर्याद झाली ते विचारलं आणि त्या-त्या जागी दुकानातलीच एकेक लाल टिकली चिकटवली. कोणती जागा, एवढंच विचारलं. बाकी विचारायचं सुचलं नाही...

नकाशा दुकानात तराजूमागे टांगला. माणसं मीठ-मिरची घ्यायला यायची आणि नकाशा बघत उभी राहायची. टिकल्या विखुरलेल्या नव्हत्या. डोंगराच्या कडेकडेने त्यांची एक ओळच झाली होती.

पोलीस पाटील बोट फिरवत म्हणाले, "ही तर मेंढरांची वाट हाय की बे. धनगर असेच खाली उतरतेत."

"होय काका," मी म्हणालो. "जिथं त्यांच्या मुक्कामाचे वाडे बसतात, तिथंच चोऱ्या दिसतात."

हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कोणाचं नाही.

"अप्पा, पोरगं लई हुशार निघालं. याला फौजदारच करा आता," पाटील म्हणाले.

अप्पांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. मलाही वाटलं.

आमच्याकडे ज्वारी निघाली की धनगर येतात. खतासाठी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. जाळीची वाघर लावायची, मेंढरं आत मुक्कामाला, आणि बदल्यात धनगराला धान्य. लिंबाजीमामा दरवर्षी यायचे. त्या साली त्यांची मेंढरं पोलीस पाटलांच्याच रानात होती. नकाशा बघून गावात कुजबुज सुरू झाली — यांना ठेवायचं का हाकलायचं?

त्याच दिवसांतली एक दुपार. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. अप्पा गल्ल्याशी पेंगत होते. मी पुस्तक वाचत होतो. मान वर केली तर एक म्हातारा नकाशासमोर उभा. त्या उन्हात खांद्यावर घोंगडी, कपाळभर भंडारा. गल्ल्याशेजारची आडवी फळी उचलून आत आल्याचा आवाज मी ऐकला नव्हता. त्याने नकाशावर एका मोकळ्या जागी बोट ठेवलं.

"हितं राहिलं," तो म्हणाला.

ते गावामागचं गायरान होतं. उघडा माळ, झाडही नाही.

"तिथं काय झालंय, बाबा? फिर्याद न्हाई तिथली."

"हितं राहिलं," एवढंच. आवाजात राग नव्हता. कोणी विसरलेली वस्तू दाखवावी तसा.

"शिवा, कोणाशी बोलायलास?" अप्पांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे वळलो आणि परत पाहिलं, तर कोणी नव्हतं. रस्ता दोन्हीकडे रिकामा. अप्पांना कोणी आलेलं दिसलं नव्हतं. नकाशावर मात्र बोटाएवढा पिवळा डाग होता. तो अप्पांनीही पाहिला.

"हळदीचा हात लागला आसंल तुझा," ते म्हणाले.

त्या दिवशी मी हळदीच्या पोत्याला हात लावला नव्हता. पण माझी खरी चूक पुढे आहे. मी घाबरलो नाही, उलट खूश झालो... आपल्याला गुप्त खबर मिळाली असं मला वाटलं. मी त्या डागावर टिकली लावली आणि पाटलांना सांगितलं की एक अनोळखी धनगर येऊन गायरान दाखवून गेला, चोरीचा माल तिथेच दडवत असतील.

संध्याकाळच्या आत लिंबाजीमामांना रान सोडायचा निरोप गेला. ते दुकानात आले, पायरीवरच थांबले.

"अप्पा, आमी काय केलं ओ? एवढी वर्षं येतोय."

अप्पा वही उघडून आकडे बघायला लागले. नकाशाकडे बघून मामा मला म्हणाले, "बाळा, तू शिकलेला हाइस. तूच सांग, कावून जायचं आमी?"

मी म्हणालो, "मामा, नकाशात तसं दिसतंय."

मामांनी तंबाखूची पुडी घेतली आणि ते गेले.

प्रकल्प दाखवला तेव्हा सरांनी पहिलाच प्रश्न केला, "यात फिर्यादी कोण आहेत?" परत जाऊन हवालदारांना विचारलं. ते हसले. "कोण म्हणजे? धनगरच की. मेंढरं त्यांचीच चोरीला गेलती. तू तर जागाच विचारल्या."

म्हणजे ती ओळ चोरांची नव्हती. ज्यांना लुटलं होतं, त्यांची होती.

मी धावत गाव गाठलं. पाटलांचं रान मोकळं होतं. आसपासच्या गावांनीही मामांना बसू दिलं नव्हतं, म्हणून कोणाचीच मालकी नसलेल्या जागी त्यांनी वाघर लावली होती. गायरानावर. मी पोचलो तर तिथे फक्त लेंड्या आणि विझलेली चूल. बाजूला सरपण गोळा करणारी एक बाई म्हणाली, "परवा टेम्पो आणून निम्मी मेंढरं नेली की चोरांनी. लिंबाजी म्हातारा आडवा गेला तर डोकं फोडलं."

दुकानात आलेला तो म्हातारा कोण होता, मला माहीत नाही. मी त्या वाटेवरच्या धनगरांना विचारलं, तसा म्हातारा कोणाच्या ओळखीचा नाही. जी चोरी व्हायचीच होती, आणि माझ्यामुळे व्हायची होती, ती त्याने आधी कशी दाखवली? मला भास झाला म्हणावं तर तो डाग अप्पांनीही पाहिला होता. उत्तर आजही नाही. आणि खरं सांगतो, मला त्या म्हाताऱ्याची भीती वाटत नाही. मामा समोर आले तर काय बोलू, याची वाटते.

ते आले नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर त्यांचे मेहुणे भेटले. मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून ते मोकळेपणी बोलले. राहिलेली मेंढरं मामांनी विकली. आता एका डोळ्याने दिसत नाही. मी विचारलं, फिर्याद दिली का?

"गेलतो की घेऊन. डोक्याला फडकं बांधलेलं, रगत गळतंय. चौकीतला म्हणला, तुमच्याच लोकांचा नकाशा काढलाय त्या गावात, चोर कवापासून फिर्याद द्यायला लागले? लिहूनच घेतलं न्हाई."