अनवाणी दीर

एका हो-नाहीसाठी अतारा चार वर्षं माओन गावच्या वेशीत खेटे घालत होती, आणि तिचा दीर मोलीद तोंड उघडायला तयार नव्हता. तिचा नवरा सेलेद तापाने गेला, मागे मूल नाही. आमच्यात अशा वेळी रीत सरळ आहे. दिराने भावजयीला बायको म्हणून घ्यावं. पहिला मुलगा गेलेल्या भावाच्या नावाचा, आणि त्याची जमीनही त्या मुलाची. नको असेल तर वेशीत पंचांपुढे तसं सांगावं. मग भावजय त्याच्या पायातली वहाण सोडते, तोंडावर थुंकते आणि मोकळी होते. वाटा दोनच, पण मोलीदसारख्या माणसाला तिसरी सापडतेच.

लग्न करावं, तर सेलेदचा द्राक्षमळा हातचा जाणार. नाही म्हणावं, तर ‘अनवाण्याचं घर’ असं नाव पडणार, आणि त्याच्या तीन मुली उजवायच्या होत्या. म्हणून आधी सातूची कापणी होऊ दे, मग मेंढरांची लोकर निघू दे, मग द्राक्षं उतरू दे. द्राक्षं सेलेदच्या मळ्यातली आणि चाटूनपुसून खाणारा हा.

अताराला तेहतिसावं सरत आलं होतं. शेजारच्या झीफ गावचा अहबान कुंभार, दोन रांगत्या पोरांचा विधुर बाप, तिला विचारून गेला होता. “तू मोकळी हो, मी थांबतो,” तो म्हणाला होता, “पण जैतुनं झोडेपर्यंतच. पोरांकडे बघवत नाही गं.” तिला ती पोरंही हवी होती आणि स्वतःचंही एक हवं होतं. हे ती विहिरीवर चारचौघींत बोलायची. लाजायचं वय गेलं म्हणायची.

शेवटी तिने मोलीदला पंचांपुढे बोलावलं. पठ्ठ्या आला, तो अनवाणी.

“वहाणा कुठंयत?” पंचांतल्या म्हाताऱ्या यिशीने विचारलं.

“तुटल्या, बाबा. काय करणार.”

“मग कुणाच्या तरी घालू दे त्याला,” अतारा म्हणाली.

“तसं नाही चालत, पोरी. त्याचीच लागते.”

पंच दाढ्या कुरवाळत बसले. वहाणा झाल्या की बघू, असं ठरवून जेवायला उठले. अतारा तिथंच उभी राहिली. तिला त्या सगळ्या दाढ्या एकेक करून उपटाव्याशा वाटत होत्या.

मग काय, अख्खा उन्हाळा मोलीद अनवाणी. काट्याकुट्यांत पाय फुटले, भेगांत माती भरली, पण गडी वहाण घालेना. लोक विचारायचे, “काय रे, आपलं माओन देवाचा सिनाय पर्वत झालंय का, वहाणा काढून फिरतोस?” आणि खो खो हसायचे. अताराला हसणाऱ्यांचाही तितकाच राग यायचा. तुमचं काय जातंय हसायला, म्हणायची.

जैतुनांची झोडणी सुरू झाली तसा तिचा धीर सुटला. एका सकाळी डोक्यावर जातं आणि काखेत अंथरूण घेऊन ती थेट मोलीदच्या घरात शिरली. त्याची बायको यरीओथ कणीक मळत होती, तो शेजारीच बसला होता.

“भावोजी नाही म्हणत नाहीत, म्हणजे हो,” अतारा म्हणाली. “आजपासून मी इथंच. माझं अंथरूण कुठं घालू, तेवढं सांगा.”

यरीओथने नवऱ्याकडे पाहिलं. कणकेच्या हातांनीच धान्याच्या रांजणामागून धडधाकट वहाणांचा जोड काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. “घाल. आत्ताच्या आत्ता वेशीत जा आणि हिला मोकळी करून ये. नाहीतर या घरात भाकरी मागू नकोस.”

निम्मं गाव वेशीत जमलं. मोलीदने पंचांसमोर ‘मला ही नको’ म्हटलं. मग हलकेच म्हणाला, “एवढी घाई कशाला केलीस, वहिनी? तुझ्या कुंभाराने परवाच दुसरी ठरवली. झीफचा तेलवाला सांगत होता.”

अताराने यिशीकडे पाहिलं. यिशीने मान खाली घातली. त्यालाही माहीत होतं.

“थांबायचं असेल तर थांब, पोरी,” तो म्हणाला. “दिराच्या घरी निदान दोन घास तरी मिळतील.”

ती गुडघ्यांवर बसली. वादीची गाठ घट्ट होती. नख तुटलं, तरी सोडवली. थुंकायला गेली तर तोंडाला कोरड पडलेली. जरा थांबली, आणि मग थुंकली, नीट तोंडावर.

“झाले ना मी मोकळी?”

“झालीस,” यिशी म्हणाला.

“चार वर्षं तुम्ही सगळे इथं कशाला बसत होतात?”

 यिशीने आपल्या अंगरख्याचा पदर पुढे केला. मोलीदला, तोंड पुसायला.