शिक्का बसलेली तिकिटं

शिरोलीच्या फौंड्रीत मी टायपिस्ट होते, तेव्हा झुंबरबाई कांबळे ऑफिसची झाडलोट करायच्या. आमचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम परदेशी जायचं, त्यामुळं टपालही तिकडून यायचं. टोपलीत पडलेली पाकिटं झुंबरबाई घरी न्यायच्या. कोमट पाण्यात भिजवून तिकीट सोडवायचं, पालथं घालून वाळवायचं आणि जुन्या डायरीत लावून खाली पत्र आल्याची तारीख लिहायची. नवरा, पिराजी, कुरकुरायचा, "ऑफिसातला कचरा घरात कशाला?"

"तुमची तंबाखू चालती न्हवं घरात? मग हेबी चालंल."

चौथीपर्यंत शिकलेल्या बाई. इंग्रजी अक्षरं तिकिटांवरूनच शिकल्या. १९९५ साली एक सुटं तिकीट घेऊन त्या मॅनेजरसाहेबांपुढं उभ्या राहिल्या. "साहेब, हे हेल्वेशिया कुठं आलं?"

साहेबांनी नीट पाहिलंही नाही. "असा देशच नाही. टाकून द्या."

"देश न्हाय, तर तिकीट छापलं कुणी?"

सुट्टीच्या दिवशी मला ओढत त्या वाचनालयात गेल्या. दोन तास पुस्तकं चाळली, तेव्हा सापडलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत त्यांनी साहेबांना सांगितलं, "स्वित्झर्लंडचं जुनं नाव हाय ते. आपला माल तिथंबी जातोय की!" साहेब फाईलमध्ये बघत राहिले. मला हसू आवरेना.

पुढं पत्रांच्या जागी ई-मेल आले, टोपली रिकामी राहू लागली. झुंबरबाईंनी गडहिंग्लज-कागलपर्यंत ओळखीपाळखीच्यांकडं पाकिटं मागितली.

२००३ मध्ये शहरात तिकिटांचं प्रदर्शन भरलं. त्यांनी आठ पानं नेली. संयोजक म्हणाले, "बाई, ही वापरलेली आहेत. शिक्के बसलेत. कोरी तिकिटं लावा."

"कोरं तिकीट कुठं गेलंय? दुकानातनं निघालं आन् वहीत बसलं. माझं एकेक समुद्र ओलांडून आलंय. शिक्का बघा, गाव हाय, तारीख हाय."

"बक्षीस मिळणार नाही."

"मागितलंय कुणी?"

त्यांची पानं जिन्याखाली, अंधारात लावली. तीन दिवस झुंबरबाई तिथंच स्टूल टाकून बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायच्या, "पावणं, इकडं या. ह्या तिकिटाचं पत्र हंगेरीतनं निघालं, बावीस दिवसांनी शिरोलीत आलं." शेवटच्या दिवशी शाळेच्या मुली तिथून हलेनात. संयोजकांनी एक दिवा लावून दिला. बक्षीस मात्र दुसऱ्यालाच गेलं.

पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा अर्ज भरला. विषयाच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं: वापरलेली तिकिटं.