बदलीआधीचं मानपत्र

बाबूलाल निनावे कोसा रेशमाच्या कापडावर मानपत्रं रंगवतो. कोष्ट्याच्या घरात जन्मून त्यानं हातमाग सोडला आणि कुंचला धरला, म्हणून बापानं मरेपर्यंत त्याला रिकामटेकडा ठरवलं. पण आमच्याकडे बदलून जाणाऱ्या साहेबाला बाबूलालचं मानपत्र मिळालं नाही, तर समारंभ अळणी वाटतो. चारी बाजूंनी करवती काठाची नक्षी, वर दोन मोर, मधे सोनेरी अक्षरं. मजकूर माझा. निवृत्त मास्तरला दुसरा धंदा काय? ज्यानं तीन वर्षांत टेबलावरची धूळ झटकली नाही, त्यालाही मी बिनदिक्कत 'कर्मयोगी' केलेलं आहे.

बाबूलालचा हट्ट एकच. बदलीचा आदेश स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय तो कापड ताणत नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा निरोप लिहिणं म्हणजे जित्या माणसाची तेरवी घालणं, असं तो म्हणतो. लोक मोबाइलवर आदेश दाखवतात, हा चष्मा चढवून वाचतो, मगच हो म्हणतो.

होळीनंतर घनश्याम बाबूलालच्या घरी आला. हा कृष्णराव ठेकेदाराचा उजवा हात. कृष्णरावची रेती नदीतून चोरून निघते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नव्या तहसीलदार स्वाती मॅडमनी मात्र नदीकडून येणाऱ्या बपेरा गावच्या रस्त्यावर उभं राहून त्याचे टिप्पर पकडले होते.

"स्वाती मॅडमचं मानपत्र पायजे," घनश्याम म्हणाला.

"बदली झाली का? आदेश दाखव," बाबूलाल म्हणाला.

"आदेशाचं काय घेऊन बसला भाऊ? जाऊनच राहिली थे."

मी नमुन्याचा कागद पुढे केला होता. 'आपणांस उदंड आयुष्य लाभो' ही त्यातली शेवटची ओळ मी सगळ्यांनाच लिहितो, लायकी न बघता. घनश्यामनं तिच्यावर बोट ठेवलं.

"हे ओळ नोको. कायले उगाच?"

तो हसला. बाबूलाल हसला नाही. आदेशाशिवाय जमणार नाही, असं बाबूलालनं सांगितल्यावरही घनश्याम कापडाची घडी ओट्यावर ठेवून गेला. सोमवारी येतो म्हणाला.

मी बाबूलालला म्हटलं, आपण दोन म्हातारे, वाघाच्या तोंडात हात कशाला घालायचा? सोमवारी ताप आला म्हणून सांग, प्रकरण मिटेल.

"मास्तर, थे पोरगी नदीवर एकटी जाते," तो म्हणाला. "तिले सांगाले नोको का कोनी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरी गाठली. मॅडमचं वय आमच्या पोरींएवढं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"धमक्या मला येतातच, काका," त्या म्हणाल्या. "पण माझ्या निरोपाचा मजकूरसुद्धा ठरला, हे नवीन आहे."

त्यांनी आमच्यासमोरच पोलिसांना फोन लावला आणि यापुढे बंदोबस्ताशिवाय नदीवर जाणार नाही, असं बाबूलालला कबूल केलं. मग आम्हाला म्हणाल्या, तुम्हीही सांभाळून राहा. मला वाटलं, सुटलो. जिन्यावरून उतरताना बाबूलाल कितीतरी दिवसांनी शीळ घालत होता.

बाहेरच्या चहाच्या टपरीवर घनश्याम बसला होता. त्यानं हातातला ग्लास खाली ठेवला आणि आम्हाला नमस्कार केला. आम्ही मान खाली घालून बस पकडली.

सोमवारी तो ठरल्याप्रमाणे आला. चेहऱ्यावर राग नाही, आवाजात चढ नाही. त्यानं ओरडून चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

"मॅडमचं राहू दे आता," तो म्हणाला. "कृष्णरावनं दुसरं सांगतलं." त्यानं पिशवीतून नवं कापड काढलं. पहिल्यापेक्षा भारी होतं.

"नाव काय टाकू?" बाबूलालनं विचारलं.

"बाबूलाल निनावे. एवढी वर्सं लोकायले मानपत्रं देली तू, तुले नोको का कोनी द्याले?" मग माझ्याकडे वळून त्यानं हात जोडले. "मजकूर तुमचाच, मास्तर. कोनती ओळ नाही टाकाची, तुमाले मालूमच हाये."

बाबूलालनं कापडाला हात लावला नाही. घनश्याम चपला घालत होता, तेवढ्यात आतून बाबूलालच्या बायकोनं, विजयमालावहिनींनी, विचारलं, "अजी, कोनाची बदली झाली?"