पक्कीची पाटी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही म्हणाल, ह्याचं काय राहिलंय सांगायचं? जळोचीत माझ्या फजित्या घरोघर माहीत आहेत — मोबाइलवरून आपला पंप बंद करायला गेलो आणि शेजारच्या काकांचा चालू करून बसलो, तीसुद्धा. स्वतःवर हसवून घ्यायला मला आवडतं. पण एक किस्सा मी कायम दुसऱ्याच्या नावावर खपवत आलो.

ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारं-मिटणारं एक सॉफ्टवेअर मी लिहितो. फुकट, कोड सगळ्यांना खुला. डाउनलोडच्या पानावर दोन आवृत्त्या — कच्ची, म्हणजे अजून काम चालू असलेली, आणि पक्की, बिनघोर वापरायची. कच्चीला पक्कीची पाटी कधी लावायची? अंथुर्ण्याचा शकील हो म्हणेल तेव्हा. त्याची भाजीच्या रोपांची नर्सरी. कोपऱ्यातल्या चार ट्रेवर तो कच्ची चालवायचा आणि ती रोपं लावणीला जाईपर्यंत हो म्हणायचा नाही. मी घाई केली की म्हणायचा, "दादा, तुमाला बटन दाबायचं हाय, मला रोपं जगवायची हायत."

मग बारामतीत एका कॉलेजात माझं भाषण ठरलं. नवी पक्की आवृत्ती आली, असं स्टेजवरून सांगायचं — एवढीच हौस. शकीलला न विचारता पाटी लावून टाकली. टाळ्या पडल्या. खरं सांगू? बरं वाटलं.

पाटी बघून शकीलनं ती आवृत्ती सगळ्या नर्सरीला जोडली आणि निर्धास्त बहिणीकडे इंदापूरला गेला. व्हॉल्व्ह उघडले — मिटलेच नाहीत. तो परतला तेव्हा टोमॅटो-मिरचीची सगळी रोपं पाण्यात कुजून पडली होती.

त्याचा फोन आला तेव्हा मी काय केलं? त्याचं ऐकता ऐकताच पाटी काढली. तिथं 'कच्ची' लिहिलं. मग शांतपणे म्हणालो, "शकील, पानावर काय लिहिलंय, वाचलं नाहीस का?"

तो बघून आला.

"व्हय की. कच्चीच लिवलंय. मला पक्की कशी दिसली, दादा? माझंच चुकलं."

आणि मी त्याला माफ केलं — मोठ्या मनानं.

पाटी बदलल्याची नोंद तिथं आजही आहे, कोणीही उघडून पाहावी. पण पाहणार कोण? माझं काम इतक्या बारकाईनं बघणारा तो एकटाच. आणि त्यानं तर ते तपासणं तेव्हाच सोडलं. म्हणाला, "माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा न्हाय ऱ्हायला."

कुठं बोलायला बोलावलं की मी किस्सा सांगतो — पाटी न वाचणाऱ्या नर्सरीवाल्याचा. लोक हसतात. मीही हसतो.

नवी आवृत्ती कधीची तयार होऊन पडलीय. पक्की झाली का? मला एकट्याला कळत नाही. अंथुर्ण्यावरून जाताना रस्त्यालगत त्याचं शेडनेट लागतं. आत शकील हातात पाइप धरून एकेका ट्रेला पाणी देत असतो. मी गाडी हळू करत नाही.