बिनस्टँडची गाडी

गाडीचं स्टँड काढलं त्या दिवशी मी पोराला विचारलं, "आता हे उभी कशी राहीन?"

तो खाली बसून नट सोडवत होता. मान वर न करता म्हणाला, "भिंतीले टेकवून, बाबूजी."

"आन् भिंत नसली तं?"

"मंग कोणी तरी धरून ठेवन."

तिथून मला ती गाडी बरी वाटेनाशी झाली. जे आपल्या पायावर उभं राहत नाही ते एक तर तान्हं असतं, नाही तर तिरडीवर निघालेलं. मी हे बोललो नाही. आमच्या घरात तेव्हा कोणी कोणाला काहीच बोलत नव्हतं.

आम्ही बालाघाटचे. मी जन्मभर धानाच्या मिलमध्ये पट्ट्यावर काम केलं. शाळा चौथीपर्यंत, तीही हिंदीची, म्हणून लिहिताना चुकलं तर चुकलं. पोरगा ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये फिटर आहे. त्याची बायको, म्हणजे माझी सून, खैरलांजीकडची. घरात चौथी होती ती माझी बायको. मागच्या उन्हाळ्यात गेली. त्याच गाडीवरून पडून.

गाडी साधी, दीडशे सीसीची मोटरसायकल, कोणाची तरी वापरलेली. आणली त्याच दिवशी पोरानं मागच्या चाकावरची जाळी काढून टाकली. बायकांची साडी चाकात जाऊ नये म्हणून डाव्या अंगाला असते ती. जाळीनं म्हणे गाडी म्हातारी दिसते. ओसरीतल्या खिळ्याला जाळी अडकवली ती अडकवलीच. आम्हाला कोणाला त्यात काही वाटलं नाही. काहून की बायको नऊवारी नेसायची, काष्टा घालून, आणि गाडीवर पुरुषासारखी दोन्हीकडे पाय टाकून बसायची. लोंबणारं असं काही तिच्या अंगावर नसायचंच. तीच हसून म्हणाली होती, "मले काय करायची जाळी? मी का मास्तरीण आहो?"

लांजीला नात्यात बारसं होतं. सुनेनं हौसेनं सासूला हिरवी गोल साडी घेऊन दिली. ती नेसून, एका बाजूला पाय करून, माझी बायको त्या गाडीवर पहिल्यांदाच तशी बसली. परत येताना लांजीच्या रस्त्यावर निऱ्या चाकात गेल्या. पोरगा चालवत होता, गाडी जोरातही नव्हती. ती मागच्या मागं डोक्यावर पडली. शेतातून एक माणूस विळा घेऊन धावत आला, त्यानं साडी कापली तेव्हा चाक सुटलं. दवाखान्यापर्यंत जीव होता, पण बोलली नाही. पोराच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तेच त्याला सोसलं नाही.

जाळी पोरानं काढलेली, साडी सुनेनं दिलेली. त्यानंतर हे दोन शब्द आमच्या घरातून गेले. सुनेनं साडी नेसणंच सोडलं. जाळी मात्र खिळ्यालाच होती. येता-जाता दिसायची.

दहाव्याला वैनगंगेच्या घाटावर पिंड ठेवले आणि कावळा येईना. झाडावर पाच-सहा बसलेले, खाली पाहतात आणि मान फिरवतात. भटजी म्हणाले, बाईच्या मनात काही राहिलं असेल, शब्द द्या. मी म्हणालो, "तुही गाय विकत नाही." कावळा हालला नाही. नातेवाइकांनी आपापलं बोलून पाहिलं. ऊन चढलं. पाव्हण्यांना गोंदियाची गाडी धरायची होती, ते दर्भाचा कावळा करा म्हणू लागले. तेव्हा पोरगा उठला. पिंडापाशी उकिडवा बसला, हात जोडले आणि ओठातल्या ओठात काही तरी म्हणाला. उठून मागं सरकायच्या आत कावळा त्याच्या पायापाशी येऊन उतरला.

सगळे सुटल्यासारखे आंघोळीला गेले. मी त्याला विचारलं, "काय म्हणला बे?"

"काही नाही."

"काही नाही कसं? थो तं टपूनच बसला होता."

तो पाण्यात उतरला. मला तेव्हापासून एकच भीती. माणूस मेलेल्याला काय काय कबूल करतो. या पोरानं मायला 'मीबी येतो' असं तर कबूल केलं नाही?

पोलिसांकडून गाडी सुटून आली तेव्हा त्यानं ती चालवत आणली नाही, ढकलत आणली. कामावर पायी जायला लागला. आणि मग एका इतवारी ओसरीत पोतं अंथरून गाडी खोलायला बसला. बाजूला फोन उभा करून त्यात पाहायचा, थांबवायचा, एक-एक काढायचा. आधी पुढचा दिवा. मग इंडिकेटर, हॉर्न, मागच्या माणसाचे पाय ठेवायचे दांडे. आरसे काढले तेव्हा मी म्हणालो, "आरशानं तुहं काय बिघडवलं?"

"मागचं काय पाहाचं आहे आता?"

नंबरची पाटीही काढली. मी म्हणालो, चालान होईल. तर म्हणतो, "रस्त्यावर नेली तं होईन ना. नागपूरच्या तिकडं रेसचा रस्ता आहे, बाबूजी. आपली गाडी न्या, चालवा. समोरून कोणी येत नाही. ना गाय, ना ट्रॅक्टर."

"जातो कुठं थो रस्ता?"

"कुठंच नाही. फिरून तिथंच येते."

मला हे ऐकून काही धीर आला नाही.

विधवा झालेल्या बाईच्या अंगावरचं एक-एक उतरवताना मी लहानपणी पाहिलं आहे, आमच्याच घरात. बायको मेली तर पुरुषाचं काही उतरवत नाहीत. माझं कोणी काही उतरवलं नाही. त्या गाडीचं मात्र सगळं उतरलं. मग तिला नवं चढू लागलं. हँडल खाली गेलं, पायाचे दांडे मागं आणि वर गेले, म्हणजे बसायचं नाही, टाकीवर पालथं पडायचं. सीटचा मागचा अर्धा भाग कापला. इंजिनाच्या बोल्टांच्या डोक्यात बारीक भोकं पाडून त्यातून तार ओवली आणि पिळली. मी विचारलं तर म्हणाला, "बोल्ट सुटला तं तेल सांडते. त्याच्यावरून मागचा माणूस पडून मरते."

"आन् जो चालवते थो?"

तार पिळत राहिला.

मागचं चाक काढलं तेव्हा मी तिथंच तांदूळ निवडत बसलो होतो. आसाला हिरवा दोरा गुंडाळलेला दिसला. वंगणात काळा पडलेला, पण मधून हिरवा. त्याचंही लक्ष गेलं, माझंही. त्यानं चाक घासलेटनं धुतलं, आरे एक-एक पुसले, आसाचं टोक चमकेपर्यंत घासलं. दोरा तसाच ठेवला. त्याच्यावरून चाक बसवलं. मी तांदळाचं सूप उचलून आत गेलो.

सून चुलीजवळ होती. म्हणाली, "मामाजी, हे मले स्कूटी शिकवून राह्यले."

"बरंच आहे ना. माह्यापेक्षा तं बरी चालवशीन."

"काल बोरिंगची मोटर कशी सुरू कराची थे दाखवलं. शिकून ठेव म्हणे. काहून शिकून ठेवू? मी का कुठं जाऊन राह्यली?"

बोलून गेली आणि पोळी तव्यावर तशीच जळत राहिली. घरातून जाणारी ती नव्हती, हे तिला माझ्यासमोरच कळलं.

गाडी बंद पडावी म्हणून मी टाकीत साखर टाकायचा विचार केला. खोटं कशाला सांगू, डबा हातात घेतला होता. पण फिटरच्या जातीला ते एका वासात कळतं, आणि मग तो दुसऱ्याची गाडी घेऊन गेला असता. डबा ठेवून दिला.

रेसवाल्यांचे नियम फोनवर आले होते. ते त्यानं मला वाचून दाखवले, म्हणजे मी वाचायला लावले. त्यात एक होतं की चेन खालून मागच्या चक्राला मिळते तिथं पत्र्याचं आड पाहिजे, पडलेल्याचा हात-पाय त्यात जाऊ नये म्हणून. त्यानं बाकी सगळं केलं, एवढं केलं नाही. घरात पत्रा पडलेला होता. पण साडी गेली ती तिथूनच, आणि तिथं त्याचा हात जात नव्हता. मी दोनदा म्हणालो. "कोणी पाहत नाही तिथं," एवढंच बोलला.

मिलमध्ये आम्ही आड लावल्याशिवाय पट्टा सुरू करत नसू. मालक ओरडला तरी नाही. पोरगा कामावर गेलेला पाहून मी खिळ्यावरची जाळी उतरवली. तिच्या खालच्या अंगाला हाताएवढा पत्रा होता. हॅक्सॉनं कापला, कड कानशीनं गोल केली, गमछ्यात गुंडाळून थैलीत ठेवला. सुनेनं पाहिलं. लोखंडाचा कीस झाडून घेतला.

जायच्या सकाळी पिकअपमध्ये गाडी दोरांनी बांधली. मी थैली घेऊन पुढं जाऊन बसलो.

"बाबूजी, तुमी कशाले?"

"धरून उभं राहाले. स्टँड नाही ना तिले."

सून दारात उभी होती. डबा दिला, त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिथं पोचलो तर मोठ्या गाड्यावाले बरेच होते, आमची तिथं बकरीसारखी दिसत होती. तपासणारा माणूस वाकला, बोल्टांच्या तारा पाहिल्या, खूश झाला. मग मागं गेला. "चेन का नीचे वाला गार्ड कहाँ है, भाई?"

"नहीं है, सर."

"फिर नहीं जाएगी. किसी की उँगली चली जाएगी इसमें."

तो पुढच्या गाडीकडे वळला. पोरगा तसाच उभा. मी गाडी धरून होतो, आणि थैली माझ्या खांद्याला होती. नुसता गप्प राहिलो असतो तर आम्ही डबा खाऊन घरी आलो असतो. तो दिवस टळला असता. पण पोराचा चेहरा दहाव्याच्या घाटावर होता तसाच झाला होता, आणि मला वाटलं, आज टळलं तर हा उद्या कुठला तरी रस्ता धरेल, ज्याच्यावर समोरून सगळं येतं.

मी म्हणालो, "माह्याजवळ आहे गार्ड. पहिले सांग, दहाव्याले कावळ्याले काय म्हणला होता?"

"बाबूजी, इथं?"

"हौ, इथंच. नाही तं चाल घरी."

तो खाली बसला. म्हणाला, "म्हणलो, हे गाडी आता रस्त्यावर नाही चालवत. आन् मागं कोणाले नाही बसवत."

"बस?"

"तोंडानं एवढंच म्हणलो."

"आन् मनात?"

त्यानं मातीत बोट फिरवलं. "मनात दुसरं होतं. कावळा कोणत्यावर आला, थे मले नाही माहीत."

माझ्या हातातली गाडी कलली. मी तिला सावरलं. मला शास्त्र येत नाही. तोंडात आलं ते बोललो, "मनातलं कावळ्याले आयकू येत नाही, गधड्या. तोंडानं दिला थोच शब्द." थैलीतून पत्रा काढून त्याच्यापुढं केला. "हे घे. जाळीचा आहे."

जाळी हा शब्द कित्येक महिन्यांनी आमच्यातलं कोणी तरी बोललं होतं, आणि तेही घराबाहेर.

त्यानं पत्रा हातात घेतला, कानशीनं गोल केलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. खांदे हलले त्याचे. मी दुसरीकडे पाहिलं. म्हणालो, "मराचं असंन तं हे कशाले लावतं? आन् लावतं तं मंग वापस ये."

कोणाचं तरी ड्रिल मागून आणलं, भोकं पाडली, लावला, बोल्टांना तार पिळली. तपासणाऱ्यानं हालवून पाहिला आणि मान डोलावली.

तो रेसच्या रस्त्यावर गेला, मी कठड्याला धरून उभा राहिलो. गाड्यावाले समोरून जाताना दिसायचे, मग एका टेकाडाच्या मागं जायचे आणि तिथं आवाज बुडायचा. मोठ्या गाड्यांचा जाड आवाज, आमचीचा बारीक, सुपारी कातरल्यासारखा. बुडाला, निघाला. बुडाला, निघाला. एकदा जाड आवाज सगळे निघून गेले आणि बारीक येईना. कठड्याचा रंग माझ्या हाताला लागला, तो घरी येऊन निघाला. मग बारीक आवाज आला. पोरगा हळू आला, आणि सरळ आत वळला.

मी गाडी धरली. आग झाली होती. त्यानं हेल्मेट काढलं, केस घामानं चिकटलेले. म्हणाला, "त्या मोडीवर, टेकाडामागं, हात सुटून राह्यला होता, बाबूजी."

सुटून राह्यला होता की सोडून राह्यला होता, हे मी विचारलं नाही.

"मंग?"

"मंग धरलो."

आम्ही डबा खाल्ला. त्या दिवशी पुन्हा तो गेला नाही.

घरी आल्यावर त्यानं मागचं चाक काढलं आणि मला म्हणाला, "ब्लेड द्या." हिरवा दोरा कापून काढायला बसला. सूनही येऊन बसली, तिनं बोटांनी ओढून-ओढून काढला. सगळा निघाला नाही. आत कुठं तरी थोडा राहिला आहे, असं तो म्हणतो. निघालेला तिनं तुळशीत पुरला.

तो अजून जातो तिकडे. दर वेळी मी जातो, गाडी धरायला. एरवी ती ओसरीत भिंतीला टेकलेली असते, रिकाम्या खिळ्याच्या खाली. गाडीवर कधी कावळा येऊन बसला तर सून हाकलायला उठते. मी तिला थांबवतो. कावळा खाली पाहत मान तिरपी करून बसतो, आणि मी त्याला विचारतो, कोणत्यावर आला होता बे?